उंबऱ्यावरची ज्वारी

भूत दिसलं म्हणून सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर येडा म्हणलोय. चौकातल्या उताऱ्याचा नारळ उचलून घरी आणून फोडून खाल्लेला माणूस मी. पोटसुद्धा दुखलं न्हाई. तवा हे वाचून तुमी मला येडा म्हणलात तर माझं काय म्हणणं न्हाई. मी चौथी शिकलेलो. हे हातानं लिवलंय, सुनेनं टाईप केलंय. ती म्हणली, मामा, भाषा जरा सुधारू का? म्हणलो, ऱ्हावू दे.

सोलापुरात विडी कामगारांच्या घरकुलात आमचं घर. दोन खोल्या, शहाबादी फरशीचा उंबरा, दार पश्चिमेला. मी जन्मभर चादरीच्या कारखान्यात मागावर. बायको इंदू विड्या वळायची. ती मैंदर्गीची, कर्नाटकाच्या शिवेवरली. बोलायची मराठीत, भांडायची मराठीत, पण विड्या मोजायची कानडीत. वंदु, यरडु, मूरु... मोजताना तिला हाक मारली तरी ती ओ द्यायची न्हाई. बंडल पुरं झालं की मग मान वर करून म्हणायची, "हं, आता वरडा काय वरडायचं ते."

मागच्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला ती गेली. खोकला. सगळा जन्म तंबाखूची धूळ छातीत घेतलेली, दुसरं काय व्हणार.

आता जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो. विड्या कारखान्यात देऊन इंदू भर दुपारी परत यायची, डोक्यावर ओल्या तेंदूपानाचं गाठोडं घेऊन. ती गेल्यावर पण त्याच वक्ताला दारात तोच वास यायचा. ओलं पान आन तंबाखू. एक श्वास घेईपर्यंत असायचा, की गेला. मी खाटेवरनं उठेपर्यंत नुसतं ऊन. रोज न्हाई, पण यायचा. घरात आता कोण विड्या वळत न्हाई, शेजारी पण न्हाई. मला भीती वाटली न्हाई. राग यायचा. आलीस तर थांब की बाई घडीभर! एवढी कसली घाई?

माझी सून स्वाती नाशिककडची, शिकलेली. तिला भुताखेताची पुस्तकं वाचायचा नाद. एका दुपारी ती मोबाईलवर वाचत बसलेली, भाजी करपली तरी पत्ता न्हाई.

"काय गं एवढं?"

"मामा, वेस्ट इंडिजच्या बाईनं लिहिलंय. पहिलंच पुस्तक तिचं. काय लिहिलंय!"

"तितली माणसं पुस्तकं पण लिवत्यात व्हय? मला वाटलं नुसती बॉलिंग टाकत्यात."

ती हसली. म्हणली, "तुम्हाला सांगत नाही, दुपारची झोप जाईल."

"तुझ्या सासूबरोबर चाळीस वर्षं काढली मी. मला भुताचं काय सांगतीस?"

मग तिनंच गोष्ट सांगितली. तितं एका बेटावर एक बाई ऱ्हाती, तिची मेलेली आई घरात यायला लागती. ती खरंच येती का पोरीचंच डोकं फिरलंय, ते स्वातीला पण अजून कळलं न्हवतं. पण त्या गावात एक रीत हाय. मेलेलं माणूस घरात येऊ ने म्हणून दारात तांदूळ टाकत्यात. त्याला एकेक दाणा मोजल्याबिगर पुढं सरकता येत न्हाई. मोजतच बसतंय बिचारं.

स्वाती भाजीकडं गेली. मी तितंच बसलो. माझ्या डोक्यात एकच... ते लोक तांदूळ टाकत्यात ते मेलेल्याला आडवायला. पण मला तर तिला बसवून घ्यायचं हाय!

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगा कामावर, सून नवी पेठेत गेलेली. मंगळवेढ्याहून भावानं पाठवलेली ज्वारी होती. मूठभर घेऊन उंबऱ्यावर पसरली, दार उघडं ठेवलं, खाटेवर बसलो. स्वतःचीच लाज वाटत होती.

वास आला. आन गेला न्हाई.

मग आवाज. लई बारीक, ओठातल्या ओठात. वंदु... यरडु... मूरु... नाकु...

मी जागचा हललो न्हाई. रडत होतो एवढं ठाऊक हाय. आवाज थांबला, वास गेला, तवा उठून बघितलं. उंबऱ्यावर ज्वारीच्या नीट ढिगल्या, एकीशेजारी एक. स्वाती घरी आल्यावर तिला मोजायला लावल्या. हर एक ढिगली पंचवीसची, शेवटची तेवढी अपुरी. विडीच्या बंडलात पंचवीसच असत्यात.

रातच्याला स्वातीनं महेशला, म्हंजे माझ्या पोराला, सांगितलं.

"आबा, तुमीच केलं असणार हे," महेश म्हणला.

मी त्याच्यापुढं उजवा हात धरला. मागात सापडून दोन बोटांची टोकं गेलेली, अंगठा वळत न्हाई. "ह्या हातानं दाणा उचलून दाखव म्हण की मला."

"मग डाव्यानं केलं असंल. आई गेल्यापास्नं तुमचं डोकं ठिकाणावर हाय का? उद्या डॉक्टरकडं जायचं."

गेलो. डॉक्टर भला माणूस. म्हणला, बाबा, दुःखात माणूस आपणच काहीतरी करतो आन त्यालाच आठवत न्हाई, असं व्हतं. गोळ्या दिल्या. मी घेतल्या पण. खोटं कशाला सांगू, मला पण वाटलं की आपुनच केलं असंल. त्या पुस्तकातल्या पोरीगत.

पण गोळ्या घेऊन पण ज्वारी टाकायची सोडली न्हाई. रोज दुपारी टाकायचो. रोज यायची. आन मोजून झालं की जायची! मी हाक मारायचो, "इंदू, आत ये. पंखा लावलाय." मोजताना ती कवा ओ देती? आन मोजून झालं की थांबायचीच न्हाई.

एका दुपारी स्वाती हट्टानं माझ्याजवळ बसली, मोबाईलवर आवाज भरायला. मोबाईलमधी नंतर नुसता पंखा ऐकू आला. तिला विचारलं, तुला काय ऐकू आलं का? न्हाई म्हणली, आन उठून गेली. सांजच्याला भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं,

"मामा, ऐदु म्हणजे काय?"

तिला कानडीचं अक्षर येत न्हाई. इंदूनं तिच्यासमोर विड्या वळल्या न्हाईत, लग्न होऊन ही आली तवा इंदूचं काम सुटलेलं.

"पाच," म्हणलो.

तिची भाकरी तव्यावर जळली.

आता माझी मस्ती ऐका. ज्वारी लवकर सरती, तर बारीक दाणा टाकू, असं ठरवलं. खसखस आणली, पुडाच्या पुडा. म्हणलो, आता मोज! जन्मात सरणार न्हाई, मग जाशील कुटं?

त्या दुपारी ती मोजत बसली. ऊन उंबऱ्यावरनं आत सरकत आलं, तरी मोजतच होती. मी खूश. खाटेवर पडून ऐकत होतो, जशी ती जिती असताना ऐकायचो. मग खोकला आला.

तोच. शेवटच्या महिन्यातला. सुका, पोटातनं येणारा. आकडा तुटायचा, खोकायची, परत वंदुपास्नं. परत खोकायची. परत वंदु. "ऱ्हावू दे, इंदू! मोजू नको!" मी वरडलो. पण ती कुटं ऐकती.

स्वाती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पांढरीफटक. म्हणली, "मामा, आयुष्यभर मोजलं त्यांनी. मेल्यावर पण तुम्ही कामालाच बसवलं त्यांना?"

असं मला कुणी बोललं न्हवतं. सून तर न्हाईच.

मी उंबऱ्यापाशी गेलो, गुडघ्यावर बसलो. खसखस हाताला लागती, उचलत न्हाई. फडकं ओलं केलं आन फरशी पुसाय लागलो. स्वाती वाकली तर तिला म्हणलो, तू हात लावू नको. खोकला माझ्या कानाजवळ होता. एवढ्या जवळ, की हात पुढं केला असता तर... केला न्हाई. पुसत ऱ्हायलो. फटीत बसलेले दाणे नखानं काढले. "जा इंदू," म्हणलो. "झालं काम. आता मोजायचं न्हाई. जा तू."

आकडा मधीच थांबला. वास मात्र लगेच गेला न्हाई. फरशी वाळेपर्यंत होता.

त्यानंतर वास न्हाई, आवाज न्हाई, काय न्हाई. डॉक्टर म्हणतो, गोळ्यांनी गुण आला. महेश पण तेच म्हणतो. स्वातीनं मात्र ते पुस्तक अर्धंच सोडलं. माझ्या बोटांनी न उचलणारी ज्वारी कुणी लावली, स्वातीला पाच कुणी ऐकवलं, मला ठाऊक न्हाई. शिकलेल्यांपैकी कुणाला ठाऊक असंल तर सांगा, न्हाई सांगितलं तरी चालंल.

उन्हाळा परत आलाय. घरकुलातली सगळी दारं वाऱ्यासाठी उघडी असत्यात. आमचं मी दुपारी लावून घेतो, आत उकडून मरायची पाळी येती तरी. सून म्हणती, मामा, उघडू का? मी न्हाई म्हणतो. उघडं बघून इंदू आलीच, तर जा म्हणायचं बळ माझ्यात परत न्हाई.