रक्तपिपासू बाई आणि माझी पेटी

आमच्या मुलीचा फोन आला आणि तो मी उचलला, की ती म्हणते, "हाय बाबा, आई आहे का?" मी म्हणतो, "आहे, देतो." गेली चार-पाच वर्षं बापलेकीचं संभाषण एवढ्यावरच चाललं आहे. भांडण नाही, अबोला नाही, भेटलो की व्यवस्थित हसतो. पण ती माझ्याशी बोलत नाही आणि मला ते लागतं. म्हणून मार्चमधल्या एका रविवारी ती "बाबा, मला तूच पाहिजे" असं म्हणाली, तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. सवयीनं मी फोन बायकोच्या हातात दिलासुद्धा होता. तो परत मागून घ्यावा लागला.

मुलगी इथे एडिनबरालाच युनिव्हर्सिटीत सिनेमा शिकते. आमच्या घरापासून दोन बस लांब राहते. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना मी ती "मीडिया" शिकते असं सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं की नोकरी लागेल. शेवटच्या वर्षी तिला एक प्रकल्प करायचा होता. जुना मूकपट निवडायचा, त्याला नवं संगीत द्यायचं आणि तो लोकांसमोर दाखवायचा. पडद्याशेजारी बसून कोणीतरी प्रत्यक्ष वाजवायचं. बाकीची मुलं पियानोवाले शोधत होती. ही म्हणाली, "मला तुझा पेटी पाहिजे." जन्म इथला, त्यामुळे तिच्या मराठीत पेटीही पुरुष आणि खुर्चीही पुरुष. मी ते दुरुस्त करणं केव्हाच सोडून दिलं आहे.

आता माझ्या पेटीविषयी. मी एका वित्तसंस्थेत कॉम्प्युटरवर काम करतो आणि मंडळाच्या गणपतीत पेटी वाजवतो. बरीच वर्षं वाजवतो आहे, त्यामुळे लोक मला कलाकार समजतात आणि मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. खरं सांगायचं तर मला तीनच गोष्टी येतात: भजन, जरा जलद भजन आणि आरती. पण मुलीनं विचारल्यावर मी असा काही घसा साफ केला, की जणू रोज दोन-चार मूकपट नाकारूनच ऑफिसला जातो.

सिनेमा कसला, असं विचारलं तर ती म्हणाली, व्हॅम्पायरचा. मी म्हटलं, मग काहीच हरकत नाही. दात, रक्त, शवपेटी, वटवाघूळ हे सगळं मी भाजी निवडत बघू शकतो. ती म्हणाली, तसली व्हॅम्पायर नाही. हिला दात नसतात, ही फक्त बघते. मूकपटांच्या काळात म्हणे अशा बायांची लाटच आली होती. डोळ्यांत बोटभर काजळ, अंगावर चित्त्याचं कातडं, हातात सिगारेट. बाई नुसती सोफ्यावर आडवी व्हायची आणि चांगला घरंदाज पुरुष दोन रिळांत खलास. अशा बाईला व्हॅम्प म्हणायचे, आणि तो शब्द व्हॅम्पायरचंच शेपूट कापून केलेला. हिच्या सिनेमातली बाई एका बँकरच्या घरात भाडेकरू म्हणून येते आणि त्याला पार पिऊन टाकते.

ते ऐकूनच माझी चुळबुळ सुरू झाली. मानेचा चावा घ्यायला कोणी जवळ आलं तर मला चालतं. चावा न घेता नुसतंच जवळ आलं की माझी पंचाईत होते. आमच्या घरात टीव्हीवर दोन माणसं एकमेकांच्या जवळ सरकली की आमचा बॉयलर बिघडतो. म्हणजे तो बिघडत नाही, पण मला तसं वाटतं आणि मी "हीटिंग बघून येतो" म्हणून वर जातो. बॉयलर नीट असला तर मागचं दार लावलंय का बघतो. दारही लावलेलं असलं तर पाणी पितो. माझे वडील अशा वेळी सरळ टीव्ही बंद करायचे, त्यामानानं मी स्वतःला सुधारक समजत होतो. मुलगी लहान असल्यापासून हे चाललं आहे. घरात कोणी एका शब्दानं त्याबद्दल बोललेलं नव्हतं.

त्या फोनवर ती पहिल्यांदा त्याबद्दल बोलली. "बाबा, त्याच्यात तसले सीन आहे. लांब लांब. आणि म्युझिक थांबू शकत नाही. तू उठायचा नाही. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती नेमकी मला न येणारी होती.

शहाण्या माणसानं अशा वेळी गप्प बसून सराव केला असता. मी मंडळाच्या ग्रुपवर आमंत्रण टाकलं. "जुना क्लासिक चित्रपट, सोबत हार्मोनियम, अवश्य सहकुटुंब यावे." बायकोनं ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. ती म्हणाली, अहो, सहकुटुंब काय, तुम्ही सिनेमा तरी बघितलात का आधी. मी म्हटलं, बघू की आज.

मग आम्ही दोघं लॅपटॉपवर तो बघायला बसलो. पहिली वीस मिनिटं मजेत गेली. बँकर मोठा रुबाबदार, मिशा तर काय विचारता. मग ती बाई आली. मूकपटाचा मोठा दोष असा, की कोणाला बोलताच येत नसल्यामुळे विषय बदलायची सोय नाही. बोलपटात हिरॉईन निदान "आई हाक मारतेय" तरी म्हणू शकते. ही बाई नुसती बघते. बघत बघत जवळ येते, आणि जवळ यायलाच तिला इतका वेळ लागतो की तेवढ्यात माझा वरणभात शिजेल. तिचा हात बँकरच्या कॉलरपर्यंत पोचला तेव्हा मी बॉयलरसमोर उभा होतो. खालून बायको हसत होती, ते ऐकू आलं.

तालमीला मुलगी आमच्या घरी आली. सलग तीन शनिवार आली, एकटी, माझ्यासाठी. मी तर हवेतच होतो. पहिल्या दिवशी तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली आणि पेटी पुसून ठेवली. वाजवायला बसलो आणि सगळा आनंद ओसरला. बँकर ऑफिसला जातो तिथे मी भजन वाजवलं, छान बसलं. बँकरची बायको रडते तिथे संथ भजन, तेही बसलं. पण बाई आली आणि माझी बोटं वळेनात. मी पिलू वाजवून बघितला, मग खमाज. शृंगाराचे राग आहेत, असं लहानपणी पेटीच्या मास्तरांनी सांगितलं होतं. माझ्या हातात त्यांचंही भजनच झालं. पडद्यावर ती बाई त्याचं रक्त शोषतेय आणि माझ्या पेटीतून असं वाटतंय, की आता प्रसाद वाटतील.

 मुलगी धीरानं पुन्हा पुन्हा तोच सीन लावायची. मीही पुन्हा पुन्हा उठायचो. एकदा पाणी, एकदा खिडकी, एकदा चक्क शेजाऱ्यांचं पार्सल आलंय का बघायला. शेवटी मी पडद्याकडे पाठ करून बसतो असं सुचवलं. तू माझ्या खांद्यावर टिचकी मार, मी वाजवीन. ती म्हणाली, नाही, वाजवणाऱ्यानं बघायलाच पाहिजे. मग तिनं सीन थांबवून माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होती असं वाटलं. मी घाईनं विचारलं, चहा टाकू का.

प्रयोग शनिवारी दुपारी होता, एडिनबराच्याच लीथ भागातल्या एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये. मंडळाची माणसं अर्धा तास आधी हजर. काका, काकू, पैठण्या, एका काकूंच्या हातात तर डबाही. पुढच्या रांगेत मुलीच्या बाई, म्हणजे तिला मार्क देणाऱ्या, वही मांडीवर घेऊन बसलेल्या. बाकी तिचे मित्रमैत्रिणी आणि पावसातून आत आलेले दोन-चार स्थानिक म्हातारे. मी जाकीट घालून पेटीशी मांडी घातली. स्कॉटलंडमध्ये मांडी घालून बसणारा माणूस दिसला की लोक आपोआप आदरानं बघतात. मी तो आदर पुरेपूर घेतला.

सुरुवात बरी झाली. भाता नीट चालत होता, बँकर ऑफिसला जात होता. मग बाई आली. ती सोफ्यावर आडवी झाली. मी मनात म्हणत होतो, उठायचं नाही, उठायचं नाही. खरंच उठलो नाही. पण पाय जागेवर राहिले तर पळायचं काम हातांनी घेतलं. बाई जसजशी जवळ येऊ लागली तसतशी माझी लय वाढू लागली. हे दृश्य लवकर संपावं म्हणून माझा हात आपोआप जोरात चालू लागला, जणू मी जलद वाजवलं तर ती जलद आटपेल. आणि जलद भजनाच्याही पुढे मला एकच गोष्ट येते.

मागच्या रांगेतून पहिली टाळी आली. मंडळाच्या लोकांचा दोष नाही. तो ठेका कानावर पडला की आमचे हात विचारत नाहीत. दुसरी टाळी, तिसरी, आणि बघता बघता सगळे काका-काकू एका लयीत टाळ्या वाजवू लागले. डबेवाल्या काकू उभ्याच राहिल्या. काहीतरी भाग घ्यायचा असतो असं समजून स्कॉटिश म्हातारेही टाळ्या वाजवू लागले. पडद्यावर काजळ घातलेली ती बाई बँकरच्या मानेवर वाकलेली, आणि खाली पन्नास माणसं तिची आरती करताहेत. मला थांबता येईना. आरती मध्येच थांबवायची नसते, हे माझ्या हाडात बसलेलं आहे. बँकर मेला तरी मी वाजवत होतो.

दिवे लागले तेव्हा माझे कान लाल झाले होते. मुलीच्या बाई येऊन "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणाल्या. मी या देशात इतकी वर्षं काढली आहेत, मला त्याचा खरा अर्थ कळतो. काकांनी पाठ थोपटली, सिनेमा जरा बोल्ड होता पण वाजवलंत झकास. बायको त्यांना चहाकडे घेऊन गेली.

मुलगी स्टेजच्या काठावर बसली होती आणि हसत होती. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसायला लागलो, म्हटलं सुटलो. मग लक्षात आलं की हसणं केव्हाच थांबलं आहे आणि पाणी चालूच आहे.

मी विचारलं, मार्क जातील का माझ्यामुळे. तिनं मान हलवली. मग मराठीत शोधत शोधत बोलली, मध्येच इंग्रजीत गेली, पुन्हा परत आली. तिला एक मुलगा आवडत होता. दोन वर्षं ते बरोबर होते. जानेवारीत संपलं. जानेवारीत ती आठवडाभर आमच्याकडे येऊन अंथरुणात पडून होती, आणि मी तिला फ्लू समजून हळदीचं दूध आणि परीक्षेच्या टिप्स देत होतो. आईला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून.

"मला तुला सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी विषय काढला की तू वर जायचा. मग मला वाटलं, निदान एकदा तू माझ्याबरोबर बसून बघितला, की मग सांगेन."

 बायकोचा राग आला, त्या मुलाचा राग आला, आणि दोन्ही राग टिकले नाहीत, कारण तिनं माझ्यापर्यंत यायला केवढा मोठा रस्ता शोधला होता ते मला दिसलं. अख्खा मूकपट. मी तिच्या शेजारी स्टेजवर बसलो. विचारलं, कसा होता तो.

तिनं नाक पुसलं आणि सांगू लागली. स्कॉटिश, वर अ‍ॅबरडीनकडचा. उंच. कोथिंबीर खात नाही. नदीवर नोंदी करायची नोकरी, पाणी किती चढलं वगैरे. त्याला काही फार बोलता यायचं नाही, त्या बाबतीत तुझ्यासारखाच, असं ती म्हणाली.

"त्याला आपल्या गणपतीला यायचं होतं," ती म्हणाली. "दोन्ही वर्षी. तुझा पेटी ऐकायला. मागे उभा राहीन म्हणाला, कोणाला सांगणार नाही. मीच नको म्हटलं. म्हटलं, बाबा अनकम्फर्टेबल होईल."

बायको चहा घेऊन आली आणि आम्हाला दोघांना तिथे बसलेलं पाहून लांबच थांबली. दोन्ही वर्षी मी किती छान वाजवलं होतं, ते मला आठवत होतं. आणि त्या मुलाला ते ऐकवता आलं असतं.