कानामागची गोचीड

आता काय सांगू तुम्हाला, एका गोचिडीपायी आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता! आणि ती गोचीड तोवर आमच्या घरात आलीसुद्धा नव्हती.

झालं असं, की आमच्या अंगणवाडीत आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं माहिती दिली. लेकरं जंगलात, गुराढोरांत फिरतात, गोचीड चिकटते, चावलेलं कळतही नाही, पुढे ताप येऊ शकतो. म्हणून रोज संध्याकाळी कानामागं, काखेत, गुडघ्यामागं बघा. सापडली तर पिळू नका, चिमट्यानं सरळ काढा. आणि घाबरू नका. सगळं मी वहीत उतरवून घेतलं. तेवढं शेवटचं राहिलं.

आमची स्वरा पाच वर्षांची, दिवसभर आजीच्या शेळ्यांत. रोज संध्याकाळी मी तिला ओसरीत उभी करून मोबाईलच्या उजेडात तपासायची. काहीच सापडायचं नाही. "कुठंतरी असेलच!" म्हणत मी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

सासूबाई बघत राहायच्या. "अवो बाई, पोरगी आहे का शेळी?"

आणि सातव्या दिवशी सापडली! उजव्या कानामागं. करडी, ठिपक्याठिपक्यांची, टम्म फुगलेली.

"थांब, उपटू दे मले," सासूबाईंनी नखं सरसावली.

"हात लावू नका आई! तोंड आतच राहते तिचं!"

"मंग रॉकेल टाकू?"

"नाही!"

स्वराला विचारलं, "डोकं दुखून राहिलं का बाळा?"

"हो."

"पोट?"

"हो."

"शेपूट?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

पण मी ऐकायच्या पलीकडे गेले होते.

नवऱ्यानं मोटरसायकल काढली. सहा किलोमीटर मी स्वराचं डोकं दोन्ही हातांत असं धरलं, जसं काही दुधानं काठोकाठ भरलेलं पातेलं!

"हळू चालवा हो! ती दचकली तर आणखी विष सोडेल!"

"कोण, स्वरा?"

सांगा, अशा माणसाशी संसार कसा करायचा?

केंद्रात तीच सिस्टर होती. तिनं चिमटा लावला, आणि टक्! ट्रेमध्ये वाजली. आता गोचीड कधी वाजते का?

सिस्टरनं ती दिव्याखाली फिरवली. "मॅडम, पाय कुठं आहेत हिचे? एरंडीची बी आहे ही. बाभळीच्या डिंकानं चिकटवलीय."

मॅडम! मी बी.एस्सी., विषय प्राणिशास्त्र. नवरा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागला. खांदे तेवढे हलत होते.

सिस्टरनं आधी स्वराला दटावलं, "ही बी तोंडात घालायची नाही हं, विषारी असते." मग कानामागचा डिंक पुसत विचारलं, "काऊन लावली गं?"

"आई रोज शोधून राहते, तिले भेटतच नाही," स्वरा म्हणाली. "मंग रडल्यासारखं तोंड करते. म्हणून मीच लावून ठेवली."

तिला पोटाशी धरलं. म्हटलं, आता आईला शोभेलसं काहीतरी बोलावं. पण तीच माझ्या कानाशी लागली.

"आई, तुले लय वेळ लागला. उद्या नाकावर लावू का?"