बोटांनी ओळखलेले खडे

टाकव्याच्या पुढे डोंगरात एक दगडखाण होती. मी आणि माझा थोरला भाऊ, दोघंही तिथं कामाला. दादा सुरुंगासाठी भोकं पाडायचा, मी फुटलेला दगड ट्रॅक्टरमध्ये भरायचो. कधी कधी काळ्या पाषाणात नारळाएवढी पोकळी उघडी पडे आणि आत स्फटिक चमकत. बाकीच्यांना ती सगळी गारगोटीच. दादाला मात्र प्रत्येकाचा आकार वेगळा दिसे. खरी नावं त्याला ठाऊक नव्हती, म्हणून त्यानं स्वतःच ठेवलेली. चौकोनी खांबावर कळस बसवल्यासारखा हिरवट, ते देऊळ. मधे आवळलेला, दोन्ही टोकांना पसरलेला गुलाबी, ती पेंढी. आणि केसाहून बारीक पांढऱ्या सुयांचा झुबका, ती म्हातारी.

"हिला हात लावू नगं," तो म्हणायचा. "फकस्त बघायचं."

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी एक सुरुंग उडालाच नाही. मुकादम दादाला म्हणाला, "बघून ये." दादा खाली वाकला आणि तेव्हाच तो उडाला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळे गेले. दादानं एवढंच विचारलं, "थोडं बी न्हाई?"

पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्याच खाणीत कामाला लागलो. त्याची लाज मला अजून वाटते. तिथं मिळालेला एक खडा मी घरी आणून दादाच्या हातात दिला. त्यानं तो बोटांनी हळूहळू चाचपला.

"देऊळ. कळस फुटलाय त्याचा," म्हणाला आणि हसला. अपघातानंतर पहिल्यांदाच. मग मी दर आठवड्याला काहीतरी आणू लागलो.

एकदा अख्खी, न दुखावलेली म्हातारी मिळाली. ती मांडीवर धरून मी प्रवासी जीपनं घरी आलो. वहिनी दारातच म्हणाली, "ही कशाला आणली, भावजी?" मी उत्तर देईपर्यंत आवाज ऐकून दादानं हात पुढं केला होता. त्याला थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही. त्याचा हात हलका आहे, तो सांभाळेल, असं वाटलं.

त्याच्या बोटांखाली सगळा चुरा झाला.

"काय व्हतं?"

"काय न्हाई, दादा. माती."

"खोटं बोलू नगं. म्हातारी व्हती ना?"

"व्हय."

बोटांत बारीक कुसं रुतली होती. वहिनी उन्हात बसून ती काढत राहिली, पण सगळी निघाली नाहीत. शेवटी दादा म्हणाला, "आता काय आनू नगं."

नंतर खाण बंद पडली. मी पवनानगरला धरणाकाठी पर्यटकांच्या तंबूंच्या राखणीवर असतो. घरातले उरलेले खडे वहिनीनं दादाला विचारून न्हाणीच्या भरावात टाकले. तो नुसतं "टाक" म्हणाला. रविवारी मी घरी जातो, त्याच्या शेजारी ओट्यावर बसतो. मी काही आणत नाही, तोही मागत नाही. तासाभरानं तो विचारतो, "परतीची जीप कवाची हाय तुझी?"