निगेटिव्हवरचा एक ठिपका

ही हकिकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी जुन्या फोटोंचा विषय काढला की मी चहाचं बघतो म्हणून आत जायचो. आता सांगतो, कारण एका फोटोखाली चुकीचं नाव आहे आणि ते माहीत असलेला मी एकटाच उरलोय.

माझा मित्र आणि मी एकाच सरकारी कचेरीत कारकून होतो. तो लासूर स्टेशनकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. मी शहरातल्या भिक्षुकाच्या घरातला. दोघांनी मिळून एक कॅमेरा घेतला होता. छत्तीस फोटोंचा रोल असायचा. एक फोटो त्यानं काढायचा, एक मी. रोल धुऊन येईपर्यंत कोणता कुणाचा हे दोघांच्याही लक्षात राहायचं नाही, आणि तेव्हा त्याचं काही वाटायचंही नाही.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. जायकवाडीचं पाणी इतकं मागं सरलं की धरणात बुडालेल्या एका गावाची जोती उघडी पडली. रविवारी आम्ही स्कूटरवरून बघायला गेलो. चिखलात एक म्हातारी पाठमोरी, एका दगडी जात्यावर बसली होती. जातं तिच्याच घरातलं होतं, ते तिनं ओळखलं होतं. त्या फोटोत तिची पाठ, जातं आणि मागं पसरलेलं रिकामं धरण, एवढंच होतं. एका स्थानिक दैनिकानं तो अर्धं पान छापला. खाली माझ्या मित्राचं नाव.

फोटो माझा होता. बटण दाबल्याचं माझ्या बोटाला आठवत होतं. मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं.

"माझाच हाय की रे," तो म्हणाला. "तू तवा चिखलात चप्पल हुडकीत होतास."

सगळी कचेरी हसली. "काय चप्पलवाले, आज कॅमेरा आणला का नुसतीच चप्पल?" हे मला निवृत्तीच्या दिवसापर्यंत ऐकावं लागलं. मी कॅमेऱ्यातला माझा वाटा सोडला, निगेटिव्हचा डबा तेवढा ठेवून घेतला. तो फोटो त्यानं चौकटीत घालून बैठकीत लावला. त्याच्याकडं गेलो की मी त्या भिंतीकडं पाठ करून बसायचो.

निवृत्त झालो तोवर शहर बीड बायपास ओलांडून पुढं गेलं होतं. त्यानं तिकडं सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी घरी संगणकावर एक उद्योग लावून घेतला. फोटो विकत घेऊन जगभर पुरवणाऱ्या परदेशी साइट असतात, त्यांना फोटो पाठवायचा. त्यांनी माझे पहिले सगळे फोटो परत केले. फोकस मागं गेलाय, सावलीत दाणे दिसतात, आकाशात धुळीचे ठिपके आहेत. मी चिडलो, पण शिकलो. छोट्या आकारात कुठलाही फोटो छान दिसतो. तो पडद्यावर शंभर टक्के मोठा करायचा आणि शेतात तण बघावं तसा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत जायचा. मी स्टँड वापरायला लागलो, सकाळच्या उजेडात काढायला लागलो, एकेक ठिपका पुसायला शिकलो. पांढऱ्या कागदावर ठेवलेलं दौलताबादचं सीताफळ हा माझा पास झालेला पहिला फोटो. नंतर स्टीलचा पेला पास झाला. नंतर किल्ल्यांचा जुडगा.

त्याच सुमारास पुन्हा पाऊस दगा देऊन गेला. मित्रानं नवा कॅमेरा घेतला होता. एक दिवस तो माझ्याकडं आला, कॅमेऱ्यातलं कार्ड टेबलावर ठेवलं.

"मला ते कंप्युटरचं काय जमत नाय. तू जरा साफसूफ करून धाडून दे. तुझी सीताफळं घेतात, तर आमचीबी घेतील एखादं."

मी कार्ड उघडलं. पोहण्याच्या तलावाची जाहिरात करणाऱ्या मोठ्या फलकाखाली हंड्यांची रांग. अर्धवट इमारतीच्या वाहनतळात बोअर घेणारी गाडी, आणि पाणी लागतंय का म्हणून खड्ड्याशी कान लावलेला वॉचमन. फोटो असे होते की मला माझं सीताफळ फेकून द्यावंसं वाटलं. त्या क्षणी मी ठरवलं, यातला एकही पास होऊ द्यायचा नाही.

काम सोपं होतं आणि मी ते मन लावून केलं. कडा इतक्या धारदार केल्या की हंड्यांभोवती पांढरी रेघ उमटली. सावल्या उजळ केल्या की त्यांतून दाणे वर येतात, म्हणून त्या उजळ केल्या. फाइल लहान करत तोच फोटो पुन्हा पुन्हा साठवला, म्हणजे तो आणखी फुटतो. मोबाइलवर त्याला दाखवला की तो म्हणायचा, "लई भारी झालाय." साइटवरची माणसं शंभर टक्क्यांवर बघणार, हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. दर वेळी नकार आला. दर वेळी मी तो त्याला मराठीत वाचून दाखवला, सावकाश.

"हात हलतोय रे तुझा," मी म्हणायचो. "कडा बघ. वय झालं आपलं."

त्यानं स्टँड घेतला. श्वास रोखून बटण दाबायला लागला. डोळे तपासून आला. मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटायचं. दोन वर्षांनी तो कार्ड न घेताच आला.

"ठिवला कपाटात कॅमेरा. माझी नजरच गेली बघ."

"बरं केलंस," मी म्हणालो.

एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. तो जात्याचा फोटो माझ्या नावानं पाठवायचा होता. चेहरा ओळखू येत असेल तर साइटला त्या माणसाची लेखी परवानगी लागते; म्हातारी पाठमोरी, म्हणजे तिच्या सहीचा प्रश्न नव्हता. निगेटिव्ह स्कॅन केली, शंभर टक्क्यांवर नेली आणि धूळ पुसत डावीकडून उजवीकडं निघालो. पार उजव्या कोपऱ्यात एक ठिपका इतर ठिपक्यांसारखा गोल नव्हता. आणखी मोठा केला. डोक्याला रुमाल बांधलेला एक माणूस कमरेत वाकला होता. एक हात कोपरापर्यंत चिखलात. दुसऱ्या हातात एक चप्पल.

रुमाल माझा होता.

माझ्या बोटाला जे बटण आठवत होतं ते दुसऱ्याच कुठल्या तरी फोटोचं होतं. तरीही मी थांबलो नाही, हे इथं नोंदवायचं आहे. मी तो माणूस धुळीसारखा पुसला, वर चिखल सारखा केला आणि फोटो पाठवला. पहिल्याच झटक्यात पास झाला. खाली माझं नाव. पुढं मी तो साइटवरून काढला, पण तोवर ज्यांनी घेतला त्यांच्याकडं माझंच नाव राहिलं.

मित्राच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर वहिनींचा फोन आला. "भाऊजी, येऊन जा, तुमची आठवण काढतात." मी त्या साफ केलेल्या फोटोची मोठी प्रिंट काढली. तीच समोर ठेवून सगळं सांगायचं ठरवलं होतं. वीज गेल्यामुळं लिफ्ट बंद होती. सात मजले चढताना मी एकच वाक्य घोकत होतो.

त्यानं प्रिंट खिडकीपाशी नेली. नव्या नजरेनं सगळीकडून पाहिली आणि उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हितं तू होतास ना रे?"

"स्कॅनरमध्ये गेला असशील," वहिनी चहा ठेवत असताना मी म्हणालो. 'गेलो असेन' म्हणायचं तिथं 'असशील' निघालं तोंडातून, जणू चूक त्याचीच.

"तू होतास म्हून तर तो फोटो होता," तो म्हणाला. "एवढं मोठं धरण, आन् त्यात एक येडं चप्पल हुडकतंय." तो हसला. मग हळूच विचारलं, "आता दिसतंय मला. काढू का पुन्हा? तू बघशील का साफसूफ करून?"

"बघू की," मी म्हणालो. चहा संपवला आणि उतरलो. दिवाळीच्या आधी तो गेला. कॅमेरा कपाटातच होता.

सात मजले घोकलेलं वाक्य असं होतं: तुझे फोटो खराब नव्हते रे, ते मी खराब केले.