उन्हापासून जपलेला सोलर कुकर

मंडळी, आज खरंच थकले.

सरपण आणि गॅस वाचावा म्हणून आमची पर्यावरण संस्था गावोगाव सोलर कुकर वाटते. काळी पेटी उन्हात ठेवायची, आत वरण-भात आपोआप शिजतो. मागच्या वर्षी दिलेले कुकर वापरात आहेत का, हे बघायला आज परभणीहून राणीसावरगावला गेले.

पहिल्याच घरी मावशींनी कौतुकानं आत नेलं. अंधाऱ्या कोपऱ्यात कुकर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. वाटपाच्या दिवशीची रिबीनसुद्धा कडीला तशीच.

"मावशी, हा बाहेर उन्हात ठेवायचा असतो ना?"

"अगं बाई, उन्हानं रंग उडंल की त्याचा! लय जपून ठेवलाय बग."

शेजारी चुलीवर भाकरी चालली होती. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते, मावशी खोकत होत्या. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्यांनी मान डोलावली. मागच्या वर्षीही अशीच डोलावली होती.

निघताना त्यांनी लुगडं सोडून कुकरचं झाकण उघडलं. आत वर्षभराच्या कुरडया!

"यात मुंग्या शिरत न्हाईत. घे, रिकाम्या हातानं जाऊ नको."

आता घरी त्या कुरडयांकडे बघत बसलेय. वाटपाला आम्ही भाषणं केली, फोटो काढले. पण मावशींच्या अंगणात बसून एकदा तरी वरण शिजवून दाखवलं का?

पुढच्या खेपेला पिशवीत फक्त डाळ नेणार आहे. ती शिजेपर्यंत तिथंच बसणार. सोबत येतंय का कुणी? ऊन लय हाय, आधीच सांगते.