पीछे खाली है

नवेगाव बांध या गावाला जाणाऱ्या आमच्या रोजच्या खासगी बसचा कंडक्टर हिंदीच बोलतो. तिकीट फाडताना तोंडाकडे बघत नाही, नुसतं म्हणतो, "पीछे खाली है, बैठो."

एकदा एक म्हातारी मागे गेली आणि रिकाम्या सीटशेजारी जमिनीवर बसली. सगळी बस हसली, मीही हसलो.

"अम्मा, नीचे क्यों बैठी?"

"तूच तं म्हणला ना बापू, खाली बैठो म्हून."

त्याने तिला हात धरून सीटवर बसवलं. मग आमच्याकडे वळला. "हँसते क्या हो? मैंने बोला और वो बैठ गई. पूछा भी नहीं."

तेव्हापासून तो "पीछे रिकामा है" म्हणतो. कानाला खटकतं, पण मी सुधारत नाही.