ठेकेदाराची कुत्री

माझी मावशी जंगली प्राण्यांची विष्ठा धुते. हीच तिची नोकरी. वाळलेली विष्ठा नायलॉनच्या मोज्यात बांधायची, नळाखाली चोळायची आणि मागे उरलेले केस सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. बिबट्या काय खातो त्यावरून जंगलाची तब्येत कळते. मी तिच्याच प्रयोगशाळेत नवा लागलोय.

तिचे यजमान, माझे काका, वनरक्षक होते. लाकडाच्या ठेकेदारानं लाचखोरीची खोटी तक्रार करून त्यांची नोकरी घालवली. वर रस्त्यात भेटला की मावशीला विचारायचा, “काय वहिनी, आज कुणाचं पोट साफ झालं?” मावशी हसून पुढे जायची. तिचं हसणं मला बरं वाटायचं नाही.

त्या हिवाळ्यात ओढ्याकडच्या बिबट्याच्या विष्ठेत हरणाचे केस दिसेनासे झाले. नुसते उंदीर आणि घुशी. हरणं कुणीतरी संपवत होतं.

कुत्र्याची विष्ठा आमच्याकडे कुणी उचलत नाही. आमच्या लेखी ती अडगळ. दिसली की पायानं बाजूला सारायची. पण ठेकेदार आपली कुत्री फिरवायचा त्या वाटेवर मावशी वाकली आणि तिनं पिशवी उघडली.

“मावशी, ही कुत्र्याची आहे.”

“कुणाच्या कुत्र्याची, तेही माहीत आहे.”

धुऊन उरलेल्या केसाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली. हरीण. “मेलेलं खाल्लं असेल,” मी म्हणालो. “एखाद्या वेळी,” ती म्हणाली आणि हिवाळाभर पिशव्या भरत राहिली. त्यातले हरणाचे केस काही संपेनात.

मावशीनं कळवल्यावर वनखात्यानं ठेकेदाराकडे झडती घेतली तेव्हा वखारीतल्या फ्रीजरमध्ये मांस सापडलं. एका हरणासाठी तो नुसत्या दंडावर सुटला असता. हिवाळाभराची शिकार सिद्ध झाली तर तुरुंग, आणि ती सिद्ध करणार होत्या मावशीच्या पिशव्या.

ठेकेदार मावशीच्या घरी आला, खाली मान घालून. “तक्रार खोटी होती असं लिहून देतो. यांची नोकरी परत मिळेल. तेवढं कुत्र्यांचं वगळा, वहिनी.”

काका खुर्चीतून अर्धवट उठले होते.

“पिशव्या सकाळीच पाठवल्या,” मावशी म्हणाली आणि दार लावून घेतलं. पिशव्या अजून प्रयोगशाळेत माझ्या टेबलावरच होत्या. त्या तिनं दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिल्या.

“मला एकदा विचारायचं तरी,” काका म्हणाले.

“तुम्ही हो म्हणाला असतात.”

ठेकेदार तुरुंगात आहे. काका घरीच आहेत. ठेकेदाराला सोडवायला वकील फिरतोय असं कळलं, तेव्हा मावशीनं पुन्हा साक्ष द्यायला रजा टाकली.